हॅरी फर्ग्युसन आणि त्यांचा ट्रॅक्टर

शेतात नांगरट करणारा ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. एक तास संपला, की चालक सीटजवळची लहानशी दांडी हलवतो. मागचा जड लोखंडी नांगर जमिनीतून अलगद वर उठतो. ट्रॅक्टर वळतो, दांडी पुन्हा हलते आणि नांगर मातीत उतरतो. चालकाला जागेवरून उठावे लागत नाही. आज यात कोणाला नवल वाटत नाही. पण ट्रॅक्टरच्या सुरुवातीच्या काळात ही सोय नव्हती आणि ती नसल्यामुळे अनेक चालकांनी जीव गमावला. ट्रॅक्टरला ही उचल ज्यांनी दिली, त्या हॅरी फर्ग्युसन यांची ही हकीकत आहे.

हॅरी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडमधील डाउन परगण्यात ग्रोवेल या खेड्यात झाला. अकरा भावंडांचे मोठे कुटुंब होते. वडील शेतकरी होते. ते धार्मिक वृत्तीचे आणि शिस्तीचे कडक होते. चौदाव्या वर्षी हॅरींनी शाळा सोडली आणि ते शेतीच्या कामाला लागले. पण घोड्यांमागे दिवसभर चालायचे आणि थकून घरी यायचे, हे काम त्यांना मुळीच आवडत नव्हते. अंगाने ते किरकोळ होते. अखेर १९०२ साली देश सोडून कॅनडाला जाण्याचा विचार त्यांनी पक्का केला. त्याच वेळी त्यांचे थोरले भाऊ जो यांनी बेलफास्ट शहरात मोटारी व सायकली दुरुस्त करण्याचे दुकान काढले होते. त्यांनी हॅरींना मदतीला बोलावले. कॅनडाचा बेत राहून गेला.

दुकानात हॅरींचे मन रमले. बिघडलेले इंजीन समोर आले, की ते आधी त्याचा आवाज नीट ऐकत आणि मग हत्यार हातात घेत. थोड्याच दिवसांत इंजिनाचे दोष शोधण्यात त्यांचा हातखंडा झाला. धाडसाचीही त्यांना आवड होती. मोटारसायकलच्या शर्यतींत ते भाग घेत. पुढे त्यांनी स्वतःचे विमान तयार केले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे ते विमान जमिनीपासून उठले आणि सुमारे १३० यार्ड उडाले. आयर्लंडमध्ये माणसाने विमान उडवण्याची ती पहिली वेळ होती. अंतर तसे थोडेच, शाळेच्या मोठ्या मैदानाएवढे. पण तेव्हा हॅरी अवघे पंचवीस वर्षांचे होते आणि विमान घरीच बनवलेले होते, हे लक्षात घ्यायला हवे.

१९११ साली भावाशी मतभेद झाले आणि हॅरींनी बेलफास्टमध्ये स्वतःचे दुकान थाटले. विल्यम सँड्स नावाचे एक कुशल कारागीर त्यांच्याबरोबर काम करत. हॅरींच्या डोक्यातली कल्पना लोखंडात उतरवायची, ती सँड्स यांनी. फर्ग्युसन यांचे नाव जगभर झाले. सँड्स यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. दोघांची ही जोडी बरीच वर्षे टिकली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. धान्य आणणारी जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवू लागल्या. देशात अन्न कमी पडू लागले. जास्त जमीन नांगरायची, तर माणसे आणि घोडे युद्धावर गेलेले. म्हणून परदेशातून ट्रॅक्टर आणले गेले. पण ते नीट काम देईनात. १९१७ साली आयर्लंडच्या शेती मंडळाने हॅरींवर एक कामगिरी सोपवली. गावोगाव फिरायचे, ट्रॅक्टर पाहायचे आणि त्यांचे काम सुधारायचे. हॅरी आणि सँड्स निघाले.

त्या काळी ट्रॅक्टर म्हणजे केवळ लोखंडी घोडा होता. घोड्यामागे बांधावा तसा नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने किंवा आकड्याने जोडलेला असे. नांगर अतिशय जड असे. त्याला स्वतःची चाके असत आणि तो खाली-वर करायला पुष्कळदा दुसरा माणूस लागे. नांगर जड, म्हणून ट्रॅक्टरही जड. जड ट्रॅक्टर मऊ माती दाबून टाकी. हा एक तोटा झाला. दुसरा तोटा फार भयंकर होता. जमिनीत पुरलेल्या मोठ्या दगडाला नांगराचा फाळ अडकला, की नांगर जागच्या जागी थांबे. ट्रॅक्टरची मागची चाकेही अडत. इंजीन मात्र फिरतच राही. मग इंजिनाच्या जोराने ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उठे आणि क्षणात सारा ट्रॅक्टर मागे उलटे. चालक त्याच्या खाली सापडे. उडी मारायलाही वेळ मिळत नसे.

लोक म्हणत, इंजीन सुधारा, चाके मोठी करा. हॅरींनी मात्र दोष दुसरीकडे शोधला. त्यांच्या मते ट्रॅक्टरही वाईट नव्हता आणि नांगरही वाईट नव्हता. वाईट होती ती दोघांमधली जोडणी. ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन यंत्रे न मानता एकच यंत्र मानले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. हाच विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला.

त्याच वर्षी त्यांनी चाके नसलेला हलका नांगर तयार केला. तो थेट ट्रॅक्टरला जोडता येई आणि चालक बसल्या जागेवरून हाताच्या दांडीने तो उचलू शके. नंतर नांगर धरून ठेवायला त्यांनी एकावर एक अशा दोन दांड्या लावल्या. त्यामुळे फाळ दगडात अडकला तरी ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उठेना, उलट ते खाली दाबले जाई. जीव वाचवणारी जोडणी मिळाली होती.

पण आता नवाच प्रश्न उभा राहिला. ट्रॅक्टरची पुढची चाके उंचवट्यावर चढली, की मागचा नांगर खोल जाई. ती खड्ड्यात उतरली, की नांगर वर येई. शेतात नांगरट एकसारखी होईना. नांगराला एक छोटे चाक लावले तर खोली सारखी राही, पण मग नांगराचे वजन त्या चाकावर पडे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ते मिळेना आणि ती जागच्या जागी घसरत. काय करावे? यावर उत्तर शोधण्यात काही वर्षे गेली. दांड्यांची मांडणी किती वेळा बदलली, किती वेळा मोडून पुन्हा केली, याला गणती नाही. शेवटी त्यांनी तेलाच्या दाबाचा आधार घेतला. त्याचे पेटंट त्यांना १९२६ साली मिळाले.

मोटारीच्या गॅरेजमध्ये तेलाचा जॅक असतो. हाताने दांडा थोडा हलवला तरी अख्खी मोटार वर उठते. फर्ग्युसन यांच्या ट्रॅक्टरमध्ये हेच काम इंजीन करते. ट्रॅक्टरच्या पोटात एक छोटा पंप असतो. गिअरचे तेलच तो ओढून घेतो आणि दाबाने एका सिलिंडरमध्ये सोडतो. सिलिंडरमधला दट्ट्या सरकतो आणि मागचे दोन हात वर उचलतो. नांगर तीन दांड्यांनी जोडलेला असतो. खालच्या दोन दांड्या त्याला ओढतात. वरची एक दांडी त्याला तोल देते. तिला आपल्याकडचे शेतकरी टॉप लिंक म्हणतात.

खरी करामत या वरच्या दांडीत आहे. जमीन कठीण लागली, की फाळ मागे अडतो आणि नांगराचा वरचा भाग पुढे ढकलला जातो. वरची दांडी एका स्प्रिंगवर दाबली जाते. स्प्रिंग दबली, की तेलाची झडप हलते आणि नांगर किंचित वर येतो. ओढ कमी झाली, की तो पुन्हा खाली जातो. म्हणजे जमीन किती कठीण आहे हे नांगरच ट्रॅक्टरला सांगतो आणि चालकाने हात न लावताही नांगर आपोआप सावरला जातो. नांगराचे वजन आणि त्याच्यावरचा मातीचा भार मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे ट्रॅक्टर हलका असूनही त्याची चाके माती घट्ट धरतात. मोठा दगड आडवा आला, तर दांडीवर एकदम जोराचा दाब येतो, तेलाचा दाब सुटतो आणि मागच्या चाकांवरचे वजन कमी होते. चाके नुसती फिरत राहतात. ट्रॅक्टर उलटत नाही.

कल्पना चांगली असली, तरी ती विकणे सोपे नव्हते. १९२५ पासून फर्ग्युसन यांचे नांगर अमेरिकेत फोर्डसन ट्रॅक्टरसाठी बनत होते. १९२८ साली फोर्ड कंपनीने अमेरिकेतले फोर्डसनचे उत्पादन बंद केले आणि नांगराचा धंदाही बसला. कारखानदार तेलाच्या उचलीकडे वळून पाहीनात. तेव्हा हॅरींनी स्वतःच ट्रॅक्टर बनवायचे ठरवले. १९३३ साली पहिला नमुना तयार झाला. त्याला काळा रंग दिलेला होता, म्हणून तो काळा ट्रॅक्टर याच नावाने ओळखला जातो. १९३६ पासून इंग्लंडमधील डेव्हिड ब्राऊन यांच्या कारखान्यात असे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. ते थोडेच खपले.

ऑक्टोबर १९३८ मध्ये हॅरी आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या घरी डिअरबॉर्न येथे गेले. तिथल्या शेतात त्यांनी नांगरट करून दाखवली. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचे पुत्र होते आणि यंत्रांचे जाणकार होते. त्यांना ती जोडणी एकदम पटली. घरातून टेबल आणि खुर्च्या बाहेर आणल्या गेल्या. हॅरींनी चावीच्या छोट्या ट्रॅक्टरवर आपली कल्पना समजावून सांगितली. दोघांनी हातात हात दिले आणि करार झाला. कागदावर एक ओळही लिहिली गेली नाही. जून १९३९ मध्ये फोर्ड कंपनीचा नवा ट्रॅक्टर बाजारात आला. त्यात फर्ग्युसन यांची तेलाची उचल होती. पुढच्या आठ वर्षांत असे तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले.

शब्दावरचा हा करार पुढे महागात पडला. हेन्री फोर्ड वृद्ध झाले आणि त्यांच्या नातवाने कारभार हाती घेतला. १९४७ साली कंपनीने फर्ग्युसन यांच्याशी संबंध तोडला, पण त्यांच्या पद्धतीची उचल असलेला ट्रॅक्टर बनवणे चालूच ठेवले. फर्ग्युसन यांनी न्यायालयात दावा लावला. त्यांनी २५ कोटी १० लाख डॉलर मागितले. खटला चार वर्षांहून अधिक चालला. शेवटी १९५२ साली तडजोड झाली. त्यांना साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले आणि फोर्ड कंपनीने पंपाच्या रचनेत बदल करण्याचे मान्य केले. मागितलेल्या रकमेच्या मानाने हे पैसे फारच थोडे होते. पण एवढ्या बलाढ्य कंपनीपुढे एक माणूस ठाम उभा राहिला, याचे लोकांना कौतुक वाटले.

या भांडणाच्या काळातच त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ट्रॅक्टर तयार झाला. १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात तो बनू लागला. त्याचे नाव टी.ई. २०. रंग राखाडी, बांधा लहान. शेतकरी लाडाने त्याला छोटा राखाडी फर्गी म्हणत. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. फर्ग्युसन यांचा कटाक्ष असा, की शेतकऱ्याला आपले यंत्र आपल्या हाताने सांभाळता आले पाहिजे. म्हणून अवजारांचे बहुतेक नट एकाच पान्याने खोलता येत. गावोगावच्या विक्रेत्यांचे कारागीर तयार करण्यासाठी त्यांनी प्रशिक्षणाची शाळाही चालवली. कामाच्या नीटनेटकेपणाबद्दल ते फार काटेकोर होते. हाताखालच्या माणसांना त्याचा जाचही होई.

हे जुने ट्रॅक्टर काही ठिकाणी अजून चालतात. सत्तर वर्षे झालेल्या यंत्राची उचल कधीतरी रुसणारच. अशा वेळी अनाडी माणूस लगेच पंप खोलायला बसतो. पंप असतो तेलात बुडालेला, ट्रॅक्टरच्या पोटात. तो बाहेर काढणे म्हणजे दिवसभराचे काम. जाणता कारागीर पंपाला शेवटी हात लावतो.

नांगर मुळीच उठत नसेल, तर तो आधी पीटीओची दांडी पाहतो. पीटीओ म्हणजे मळणीयंत्रासारख्या यंत्राला शक्ती देणारा, ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा. या ट्रॅक्टरमध्ये उचलीचा पंप त्याच दांड्यावर चालतो. ती दांडी जोडलेली नसेल, तर पंप फिरतच नाही. त्याचप्रमाणे क्लच दाबून धरला तरी पंप थांबतो. यात बिघाड कसलाच नाही. पण एवढ्या कारणाने यंत्र उगाच खोलले जाते. यानंतर तो तेल पाहतो. तेल कमी असले, की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून उचल हिसके देत चालते किंवा फार हळू उठते. तेल दुधासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. ते सगळे काढून नवे भरावे लागते. काही ट्रॅक्टरमध्ये तेलाच्या वाटेवर बारीक जाळी असते. ती गाळाने भरली तरी पंपाला तेल पोहोचत नाही.

रिकामे हात वर उठतात, पण वजन लावले की उठत नाहीत, असेही होते. तेव्हा वजन जास्त तर नाही ना, हे पाहावे. ते ठीक असेल, तर तेल कुठेतरी निसटते आहे किंवा पंप झिजला आहे. तेल कुठे निसटते हे शोधायला एक सोपी परीक्षा आहे. अवजार वर उचलायचे, इंजीन बंद करायचे आणि लांब उभे राहून पाहायचे. अवजार भराभर खाली येऊ लागले, तर सिलिंडरच्या दट्ट्याजवळून, एखाद्या जोडातून किंवा झडपेतून तेल गळते आहे. इंजीन चालू असताना हाच दोष वेगळ्या रीतीने दिसतो. अवजार थोडे खाली येते, झडप त्याला पुन्हा वर घेते, ते पुन्हा खाली येते. पाहणाऱ्याला वाटते, नांगर मान डोलावतो आहे. उलट, रिकामे हात खाली यायला वेळ लागला, तर घाबरायचे कारण नाही. तेल फक्त वर उचलते. खाली आणण्याचे काम अवजाराचे वजन करते आणि वजनच नसेल तर हात तसेच अडून राहतात.

लांब उभे राहून पाहायचे, असे वर लिहिले आहे. ते मुद्दाम लिहिले आहे. वर उचललेला नांगर केवळ तेलाच्या भरवशावर लटकत असतो. एक जोड निसटला, एखाद्या मुलाचा हात दांडीला लागला, की तो धाडकन खाली येतो. म्हणून समजदार कारागीर अवजार आधी जमिनीवर टेकवतो, इंजीन बंद करतो आणि मगच त्याच्या जवळ बसतो. ट्रॅक्टरखाली सापडून माणसे मरू नयेत, यासाठी ही जोडणी झाली. तिच्याच खाली हात किंवा डोके घालणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

१९५३ साली फर्ग्युसन यांनी आपला व्यवसाय कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. व्यवहाराच्या रकमेत दहा लाख डॉलरचा फरक पडत होता. फर्ग्युसन यांनी नाणे उडवून निकाल लावायचे सुचवले. नाणे उडाले आणि ते हरले. पण त्यांनी ते हसत मान्य केले. नव्या कंपनीत मात्र त्यांचे जमले नाही. दुसऱ्याच वर्षी ते बाहेर पडले आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीच्या कामात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले.

त्यांच्या राखाडी ट्रॅक्टरने मात्र एक नवल करून दाखवले. एव्हरेस्ट जिंकणारे एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवाकडे निघाले, तेव्हा त्यांनी हेच ट्रॅक्टर बरोबर घेतले. बर्फासाठी चाकांवर पट्टे चढवले होते. ४ जानेवारी १९५८ रोजी तीन ट्रॅक्टर ध्रुवावर पोहोचले. हजारो मैल दूर हिरव्या शेतांसाठी बनवलेले हे यंत्र बर्फाच्या वाळवंटातही चालले.

२५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन यांचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट ही कंपनी स्थापन झाली आणि भारतात मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनू लागले. ते लाल रंगाचे ट्रॅक्टर महाराष्ट्रातही पुष्कळ आले. रंग बदलला, कारखाने बदलले, पण मागची जोडणी तीच राहिली. आज कोणत्याही कंपनीच्या ट्रॅक्टरमागे पाहिले, तर खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्या दिसतात. नांगर असो, पेरणीयंत्र असो की रोटाव्हेटर, सर्व त्याच तीन दांड्यांना जोडले जातात.